पाचवा चौकोन

ब्राह्मणपुरी
१७ डिसेंबर २०२४

हेमकांत,

फोन केला की तू दोनदा वाजू देतोस आणि कापतोस. कागद कापायचा तर उठून कात्री शोधावी लागेल, आणि तेवढा तू उठणारा नाहीस. म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीची, अक्षर बैलगाडीएवढं. कागद जास्त लागतो, पण तुला चष्मा लागणार नाही.

बातमी आनंदाची आहे. आमचा दवाखाना पहिला आला.

कसला पहिला, तर ऐक. ट्रस्टचे पाच दवाखाने आहेत, त्यातला फाट्यावरचा हा आमचा. दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून एक स्वप्नाली मॅडम आल्या. दवाखान्यातली माणसं कामावर खूश आहेत की नाहीत, ते मोजायला. मी म्हटलं, ताप मोजतात, साखर मोजतात, आता खुशीसुद्धा मोजा. चाळीस प्रश्नांचा कागद. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकोन. पहिल्यात खूण केली म्हणजे अजिबात नाही, पाचव्यात केली म्हणजे नेहमीच. सकाळी कामावर यायचा उत्साह वाटतो का. काम करताना वेळ कसा जातो ते कळत नाही का. उत्साह म्हणे. उत्साह वरातीत असतो, कामाला हात लागतात. सतरावा प्रश्न तर असा, की तुमच्या कामाचा त्रास घरच्यांना होतो असं वाटतं का. मी तो वाचला आणि पान उलटलं. घरच्यांचा काय संबंध?

तर पाचही दवाखान्यांत सगळ्यात खूश माणसं आमची निघाली. त्रासाचे दोन-तीन प्रश्न सोडले तर डॉक्टरपासून झाडूवाल्या कालीबाईपर्यंत सगळ्यांची खूण पाचव्या चौकोनात. ट्रस्टचे चेअरमन अमृतभाई स्वतः आले, काचेत बसवलेलं प्रमाणपत्र घेऊन. ते आता केसपेपरच्या खिडकीवर टांगलं आहे. पेपरात फोटो आला. त्यात मधे एप्रन घालून उभी आहे ती आमची नर्स, तुझी पोरगी, दामिनी. कात्रण सोबत पाठवते. तुझ्या सुरतच्या मार्केटात कुणाला दाखवायचं तर दाखव, नाहीतर चहा सांडला की पुसायला कामाला येईल.

मला रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी मी रोज नऊच्या बसने जाते. घरात बसून भिंती काय बोलणार. बाळंतिणींना न्हाऊ घालते, नव्या आयांना चादर कशी बदलायची ते दाखवते. पेशंट न हलवता चादर बदलणं आजकाल कुणाला येत नाही.

सारंगखेड्याची जत्रा चालू आहे, त्यामुळे पुरुष वॉर्ड भरला आहे. धुळ्याकडच्या एकाला घोडीने मांडीवर लाथ मारली. पाय टांगलेला, आणि हा फोनवर त्याच घोडीचा सौदा करतो. दामिनीने विचारलं, दादा, जिने लाथ मारली तीच घेता? तो म्हणे, ताई, जिच्यात एवढा जोर तीच घ्यायची ना. सगळा वॉर्ड हसला.

दामिनी धडधाकट आहे. खाते, पिते, झोपते. तुला विचारायचं नसेल, पण मी सांगून ठेवते.

तुझी माय
प्रमिलाबाई


ब्राह्मणपुरी
२८ जानेवारी २०२५

हेमकांत,

तुझं पत्र मिळालं. दामिनी इथे नर्सचं काम करायला लागली तेव्हा रुसलास, आता चार वर्षांनी पत्र, आणि त्यात ओळी चार. वर्षाला एक पडली.

"दामिनीला राजीनामा द्यायला सांग. इथे ऑफिसात जागा बघून ठेवली आहे. आखाजीपर्यंत ती सुरतला आली नाही तर मला मुलगी नाही असं मी समजेन. तू जन्मभर लोकांची भांडी उचललीस, तिला उचलू देऊ नकोस." इतकं लिहिलंस आणि खाली सही केलीस, जशी बँकेत करतात.

मी दामिनीला ते वाचून दाखवलं. ताट सरकवलं आणि उठली.

आता माझं ऐक. भांडी उचलली, बरोबर आहे. एकतीस वर्षं उचलली. तुझा बाप लोटन दीड महिना त्याच दवाखान्यात पडून होता, तेव्हा त्याचं शी-लघवीचं भांडं मीच उचलायचे. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं कुणी उचलेना, म्हणून त्याचंही उचललं. तुझा बाप गेला. तेराव्यानंतर मी घरी बसले नाही, दवाखान्यात जाऊन म्हटलं, मला काम द्या. भाऊबंद म्हणाले, पाटलाची बाई, आणि लोकांची घाण काढते. मी म्हटलं, तुम्ही आजारी पडा, तुमची पण काढीन. आणि काढली. तुझ्या मोठ्या काकाची आठ दिवस काढली. तो डोळे मिटून पडायचा, मी बघू नये म्हणून.

त्या कामाची मला लाज नव्हती आणि आजही नाही. दामिनी माझ्यापेक्षा वरच्या पायरीवर आहे, सुई तिच्या हातात आहे. सुरतेत ती काय करणार, साड्यांच्या गठ्ठ्यांवर नंबर लिहिणार.

इकडची बातमी म्हणजे आमची सगळ्यात जुनी नर्स शीलाताई हिला ट्रस्टने डोंगराकडच्या दवाखान्यात पाठवलं. तिथली माणसं नाराज निघाली, त्यांच्या खुणा पहिल्या-दुसऱ्या चौकोनात. अमृतभाई म्हणाले, तुम्ही पहिले आलात, तुमच्याकडे सगळं ठीक आहे, तिकडे माणूस कमी आहे. ऐकायला बरोबरच आहे. ज्याच्या घरी दुभतं त्याने शेजाऱ्याला ताक द्यावं. शीलाताई गेल्यापासून दिवसपाळीला बाळंतिणींचा वॉर्ड आणि पुरुष वॉर्ड दोन्ही एकट्या दामिनीकडे आहेत. मधे लांब व्हरांडा आहे. चालणं होतं, प्रकृतीला चांगलं.

कालीबाई मात्र त्या प्रमाणपत्राखाली झाडू मारता मारता मला म्हणाली, "मावशी, हाई काच पुशी पुशी मन्हा हात दुखस. काय लिखेल शे एवढं?"

मी म्हटलं, "तू खूश शे असं लिखेल शे."

ती म्हणाली, "कोणी सांगं?"

फाटक्या तोंडाची आहे. मी लक्ष दिलं नाही.

दामिनीच्या पायाला थोडी सूज येते संध्याकाळी. मिठाच्या पाण्यात पाय बुडवायला सांगितलं आहे. काळजीचं काही नाही.

माय


ब्राह्मणपुरी
१० मार्च २०२५

हेमकांत,

हे पत्र एकटा असताना वाच. सुनेला नंतर दाखवलंस तरी चालेल.

गेल्या मंगळवारची गोष्ट. दुपारचे तीन. डोंगरातली दिवलीबाई नावाची बाई बाळंत होऊन अर्धा तास झाला होता. पोरगी झाली, तीन किलोची, चांगली रडली. डॉक्टर जेवायला क्वार्टरवर गेले. तेवढ्यात पुरुष वॉर्डात एका दमेकऱ्याचा श्वास अडकला, त्याची बायको व्हरांड्यातून ओरडत आली. दामिनी तिकडे धावली. धावणार नाही तर काय करेल, एका माणसाला दोनच पाय.

इकडे दिवलीबाईला रक्त सुटलं. ती बोलली नाही. त्या बाया बोलत नाहीत, त्यांना वाटतं बाळंतपणात होतच असेल. मी त्या दिवशी शहाद्याला दात दाखवायला गेले होते. वॉर्डात दवाखान्याचं माणूस एकच, कालीबाई, फरशी पुसत होती. फडका लाल का झाला म्हणून तिने वर पाहिलं. तिने फडका टाकला, हात धुतले आणि दिवलीबाईच्या बेंबीखाली तळहात दाबून चोळायला लागली, आणि तोंडाने दामिनीला हाका. हे मी शिकवलेलं तिला, दहा वर्षांपूर्वी. पोट आतून नारळासारखं टणक लागेपर्यंत हात काढायचा नाही, कुणी काही म्हणो. दामिनी आली, सुई दिली, सलाईन लावलं, डॉक्टर पळत आले. दिवलीबाई वाचली. शहाद्याहून रक्ताच्या दोन बाटल्या आणाव्या लागल्या, पण वाचली.

कालीबाईचा उजवा हात दुसऱ्या दिवशी वर उचलत नव्हता. तिला विचारलं तर म्हणाली, "काचच पुसानी शे ना, दुसरा हातवरी पुससु."

दमेकरीसुद्धा वाचला. दामिनी मात्र चादरींच्या खोलीत जाऊन बसली आणि तासभर बाहेर आली नाही. शनिवारी तिचा एप्रन धुवायला घेतला तर खिशात कागद. राजीनामा. तारीख घातलेली नाही, बाकी सगळं लिहिलेलं. "वैयक्तिक कारणास्तव."

म्हणजे तुझं काम होत आलं. मी न सांगता होतं आहे. आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते लिहिते.

सगळ्यांच्या खुणा पाचव्या चौकोनात होत्या, त्या मी करायला लावल्या.

स्वप्नाली मॅडम कागद वाटून चहाला गेल्या. आया, झाडूवाल्या, धोबी, स्वयंपाकघरातल्या, यांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे दिलं, कारण सगळे माझं ऐकतात. कालीबाईला मी विचारलं, सकाळी कामावर यायचा उत्साह वाटतो का. ती म्हणाली, "मी थकी जास मावशी. खोटं काब सांगू?" तिचा हात दुसऱ्या चौकोनावर होता. मी तो धरला आणि तिकडे नेला जिकडे मला पाहिजे होता. मी म्हटलं, ज्या चुलीची भाकर खातो तिची राख वेशीवर नेऊन टाकायची नाही. पुण्याची बाई आज आली, उद्या जाईल, आपली लक्तरं घेऊन जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. अकरा जणांचे कागद मी स्वतः भरले. त्यांचा फक्त अंगठा किंवा सही.

दामिनीने आपला कागद आपणच भरला होता. त्यात खुणा दोनमध्ये, तीनमध्ये, काही एकमध्ये. मी वाचला आणि फाडला. दुसरा कोरा कागद आणून तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, "आजी, मले खोटं लिखता येत नही."

मी म्हटलं, "तुन्हा बाप टपेल बठेल शे. नाराज लिखशी तर उद्या तो म्हणी, देखा, मी सांगत होतो ना."

खरं कारण हे. पेपरात फोटो यावा, कात्रण तुला पाठवावं आणि तू गप्प बसावंस, एवढ्यासाठी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्या खुणा पाचमध्ये केल्या. एकसारख्या, सरळ, जशी शाळेत शिक्षा लिहितात.

त्या खुणांमुळे शीलाताई गेली. शीलाताई असती तर एक वॉर्ड तिच्याकडे असता. हे मला कुणी सांगितलं नाही. दवाखान्यात कुणी तसं बोललंही नाही. पण मी चौथी शिकले असले तरी एवढी बेरीज मला येते.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं पोरगी धडधाकट आहे. ती वाळली आहे. ते पण खोटं होतं.

मी रडत वगैरे नाही. तसं समजू नकोस.

माय


ब्राह्मणपुरी
३ एप्रिल २०२५

हेमकांत,

छोटं लिहिते, बस गाठायची आहे.

बारा तारखेला, शनिवारी, ट्रस्टचा कार्यक्रम आहे. पहिला आल्याचा चषक द्यायला स्वप्नाली मॅडम पुण्याहून येणार. अमृतभाई काल स्वतः घरी आले. म्हणाले, मावशी, सगळ्यात जुनं माणूस तुम्ही, चषक तुमच्या हातात द्यायचा, शाल आणि नारळ. त्यांची सून आमच्याकडेच बाळंत झाली, तेव्हापासून ते मला मानतात. मी हो म्हटलं. नाही कसं म्हणू, आणि म्हटलं तर कारण काय सांगू.

दामिनी माझ्याशी कामापुरतं बोलते. ड्युटी संपली की घरी येत नाही, दवाखान्यातच थांबते. आज स्वयंपाकघरात आचाऱ्याजवळ बसलेली, काल धोब्याजवळ, परवा बाकावर कालीबाईबरोबर. हातात वही. मी जवळ गेले की गप्प. मला वाटतं राजीनाम्यावर सगळ्यांच्या सह्या घेते. एकटी जात नाही, सगळ्यांना घेऊन जाते.

तुझी आखाजी, म्हणजे कॅलेंडरातली अक्षय तृतीया, तीस तारखेला आहे. तुला तुझी मुलगी मिळेल असं दिसतं. तेव्हा पत्र टाकून मला धमक्या द्यायची गरज नाही.

माय


ब्राह्मणपुरी
१४ एप्रिल २०२५

हेमकांत,

बस, पाणी पी आणि मग वाच. झालं ते जसं झालं तसं लिहिते.

मांडव दवाखान्याच्या अंगणात होता. खुर्च्या लाल. अमृतभाई, डॉक्टर, बाकीच्या चार दवाखान्यांची माणसं, आणि शीलाताईसुद्धा डोंगराकडून आलेली, दुसऱ्यांच्या रांगेत बसलेली. मी जरीकाठाची साडी नेसले होते, तुझ्या लग्नातली. घडीवर फाटली आहे, पण निऱ्यांत जाते.

माझं नाव पुकारलं. मी उठले. मनात ठरवून आले होते की शाल घ्यायची नाही आणि जे आहे ते बोलायचं. पण स्टेजकडे जाताना ठरवलेलं एक वाक्य आठवेना. एकतीस वर्षांत मी कुणालाही तोंडावर बोलले आहे, कलेक्टर आला तेव्हा त्यालासुद्धा चप्पल बाहेर काढ म्हटलं होतं. त्या दिवशी मात्र स्टेजच्या तीन पायऱ्यांवर मी पदर सारखा करत वेळ काढला.

मी दुसऱ्या पायरीवर, आणि मागून दामिनी उठली. एप्रनवरच होती, ड्युटीवरून आलेली. माझ्या शेजारून वर गेली आणि स्वप्नाली मॅडमच्या हातात कागदांचा गठ्ठा ठेवला.

म्हणाली, "मॅडम, हे आमच्या दवाखान्याचे कागद. मागचे होते ते खोटे होते. हे खरे आहेत."

मॅडमनी चषक टेबलावर ठेवला आणि गठ्ठ्याची दोरी सोडली.

ती वहीत काय लिहीत होती ते तेव्हा कळलं. चाळीसच्या चाळीस प्रश्न तिने एकेकाला त्याच्या बोलीत विचारले होते. आचाऱ्याला आपल्या अहिराणीत. डोंगरातल्या आयांना त्यांच्या बोलीत, मधे अर्थ सांगायला कालीबाईला बसवून. पंधरा दिवस, ड्युटी झाल्यावर. आणि जे सांगितलं ते लिहिलं, खुणा ज्याच्या त्याच्या हाताने.

मॅडमनी वरचा कागद उचलला. तो कालीबाईचा होता. त्यांनी मोठ्याने वाचलं, "थकवा आल्यावर विश्रांतीची सोय आहे का?" पहिला चौकोन, आणि खाली लिहिलेलं, "बसायला स्टूल नाही. पेशंट नसला तर खाटेवर बसते, कुणी आलं की उठते."

अमृतभाईंचा चेहरा उतरला. वाईट माणूस नाही तो. त्यांनी विचारलं, "मग मागचे कागद कोणी खोटे भरायला लावले?"

दामिनी उभी. खाली बघत. हेमकांत, तिने माझं नाव घेतलं नाही. कालीबाईने नाही, आचाऱ्याने नाही, त्या अकरा जणांपैकी एकानेही नाही. सगळे आपापल्या पायांकडे बघत बसले. ज्या मुठी मी झाकायला शिकवल्या त्या आता माझ्यासाठी झाकल्या होत्या. ते मात्र मला सहन झालं नाही.

तिसरी पायरी चढले. म्हटलं, "अमृतभाई, तेस्ले काय इचारतस? मी लिखेल होतं. अकरा कागद मन्हा हातना शेतस. बाकीस्ले मी सांगेल होतं."

ते म्हणाले, "मावशी, तुम्ही? का?"

मी म्हटलं, "नाव व्हावं म्हणून."

"आता तेच नाव गेलं ना, मावशी. पेपरात छापून आलं होतं."

मी म्हटलं, "भाऊ, नाव गयं तर परत येई. बाई परत येत नही. तुम्हले दिवलीबाईनं काय व्हयनं ते सांगं का कोणी?"

कुणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार, पहिला आलेला दवाखाना. मी सांगितलं. दोन वॉर्ड, एक नर्स, लाल फडका, कालीबाईचे हात. शीलाताई मागच्या रांगेत उठून उभी राहिली होती, तिला पण तेव्हाच कळलं. कालीबाईला मी पुढे बोलावलं. ती येईना. शेवटी डॉक्टरच तिच्याकडे गेले आणि म्हणाले, मी क्वार्टरवर होतो, हिने माझं काम केलं. हे त्यांनी माइकवर म्हटलं, त्यासाठी त्यांना मी मानते.

कुणीतरी शाल पुढे केली. मी म्हटलं, राहू द्या, थंडी गेली. ती कालीबाईच्या खांद्यावर घातली. ती म्हणाली, "एवढा ऊनमा?" आणि मग कुठे मांडव हसला.

चषक दुसऱ्या दवाखान्याला गेला. मॅडमनी नवे कागद मोजले. आम्ही पाचात चौथे.

माझं आयुष्य त्या दवाखान्यात गेलं, पण त्या शनिवारी घरी येताना बसमध्ये मी जशी ताठ बसले होते तशी कधी बसले नव्हते. बाजूच्या बाईने विचारलं, काय मावशी, कुठे सत्कार झाला का? मी म्हटलं, हो, आमची पोरगी चौथी आली.

माय


ब्राह्मणपुरी
२६ एप्रिल २०२५

हेमकांत,

शीलाताई सोमवारपासून परत आली. डोंगराकडच्या दवाखान्यासाठी ट्रस्ट नवी नर्स शोधते आहे, मिळेपर्यंत तिथलं काय होईल ते मला माहीत नाही, तेही कुणाचं तरी घर आहे. इथे एका पाळीत एका नर्सला एकच वॉर्ड, असा कागद भिंतीवर लागला, जिथे प्रमाणपत्र होतं तिथे. वॉर्डात दोन स्टुलं आली. एक डगमगतं. कालीबाई त्याच्यावर बसून म्हणते, हाई मन्हं प्रमाणपत्र.

दामिनीच्या खऱ्या कागदाची झेरॉक्स मी मॅडमकडून मागून घेतली. एकतिसावा प्रश्न, हे काम सोडून द्यावंसं वाटतं का. तिची खूण पाचव्यात, नेहमीच. बत्तिसावा प्रश्न, या कामाचा अभिमान वाटतो का. तिथेही पाचव्यात.

मी म्हटलं, पोरी, दोन्ही कसं? एक खोडशील तर बरं.

ती म्हणाली, "आजी, दोन्ही खरं शे."

मी जन्मभर समजत होते की दोन्हींतलं एकच खरं असतं आणि दुसरं झाकायचं असतं. थकलं म्हटलं की अभिमान कमी पडला असं मला वाटायचं. म्हणून मी कधी थकले नाही. आता रोज गुडघे मला ते समजावून सांगतात.

तुझ्या मुलीने माझं ऐकलं नाही. तुझंही ऐकणार नाही. ती सुरतला नोकरीला येत नाही, हे तिने स्वतः सांगायला सांगितलं आहे. राजीनामा फाडला का विचारलं, तर म्हणाली, नाही, खिशातच आहे, असला की बरं वाटतं, त्याचा धाक ट्रस्टला नव्हे, मलाच आहे. तिचं ती बघेल.

पण आखाजीला ती येणार आहे. चार वर्षांत पहिल्यांदा तिला हक्काची रजा मिळाली, कारण शीलाताई आहे. आखाजीला लेकी माहेरी जातात, आणि तिचं माहेर तू आहेस, माझं घर नव्हे. तू मुलगी नाही असं समजणार होतास, तर एकोणतीसच्या संध्याकाळी बसस्टँडवर येऊन तिच्या तोंडावर सांग. येणार नसशील तर सुनेला पाठव. गॅलरीत आखाजीचा झोका बांध. ती आल्यावर भाऊबंदांसारखं तिच्या हातांकडे बघू नकोस. स्वच्छ असतात, दिवसातून चाळीस वेळा धुते.

सोबत एक जाड पाकीट आहे. स्वप्नाली मॅडमकडे कोरा कागद उरला होता. मी रिटायर, माझा हिशेबात नाही, तरी मी भरला. चाळीसच्या चाळीस प्रश्न, तीन संध्याकाळी लागल्या. सगळे वाचलेच पाहिजेत असं नाही. दुसऱ्या पानावर सतरावा बघ, तुमच्या कामाचा त्रास घरच्यांना होतो असं वाटतं का. तुला शाळेत पोरं भांडेवालीचा म्हणायची. तू घरी येऊन सांगायचास, आणि मी म्हणायचे, म्हणू दे, त्यांची जीभ झिजेल. एकदाही शाळेत गेले नाही. पाळी बदलून मागता आली असती, तेही केलं नाही. तू गॅदरिंगमध्ये उभा राहिलास ते मी पाहिलं नाही.

खूण कुठे केली ते बघ. पेन जोरात दाबलं गेलं, कागद मागून फाटला आहे, तेवढं सांभाळून घे.

बाकी पोरगी आता जेवायला लागली आहे. पुरणाच्या मांड्यावर तूप जास्त घाल, मागितलं नाही तरी. आणि गुरुवारच्या गाडीत तिला बसवून दे. शुक्रवारी सकाळी आठला तिची ड्युटी आहे, एकाच वॉर्डाची.

माय